वास गेला की गॅस गेला

आमच्या साहेबांचं नाक तसं साधंच होतं. थोडं बसकं, डाव्या नाकपुडीशी एक तीळ. त्या नाकात काही विशेष आहे, असं त्यांच्या बायकोलाही कधी वाटलं नसावं. पण नाशिकच्या कडेला असलेल्या आमच्या मलशुद्धीकरण केंद्रात त्या नाकाला जो मान होता, तो तिथल्या गणपतीलाही नव्हता. त्या मानात माझाही हातभार आहे. मी तिथे केमिस्ट होतो, आणि निवृत्तीनंतरही साहेबांचे किस्से सांगून मी कितीतरी बैठका रंगवल्या. लोक पोट धरून हसत. गेल्या महिन्यात मला कळलं, की त्या किश्श्यांतलं एक वाक्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलं जातंय. ते वाक्य माणूस मारू शकतं. एकदा त्यानं एकाला मारत आणलंच होतं. साहेब आता नाहीत, आणि मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

आधी आमचं काम सांगतो. शहराचं सांडपाणी आमच्याकडे येई. त्यातला गाळ खाली बसला की तो डायजेस्टरमध्ये जाई. डायजेस्टर म्हणजे वर घुमट असलेली काँक्रीटची अवाढव्य टाकी. आत हवा नाही, नुसती ऊब. गाळ तिथे कुजतो, पचतो आणि वर गॅस जमतो. त्या गॅसवर इंजिन चालतं आणि इंजिनावर वीज तयार होते. ऐकायला फार छान. पण त्या गॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा एक वायू मिसळलेला असतो. तो लोखंड खातो आणि सापडला तर माणूसही खातो. शिवाय गाळाच्या पाइपांना आतून पांढरा दगड धरतो, पाणी तापवायच्या बंबात क्षार धरतात तसा. ह्या दोघांना आवर घालणं, एवढंच खरं तर आमचं काम. बाकी सगळं टाकी आपली आपण करते.

साहेबांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते टाकी ते स्वतः चालवत. टाकीला ते 'आजोबा' म्हणत. सकाळी आल्या आल्या घुमटाकडे बघून विचारत, "काय आजोबा, झोप झाली का?" मग आमच्याकडे वळून, "आज त्यांना करपट ढेकरा येतायत. कमी वाढा." बाहेरून आलेले पाहुणे ह्यावर खूश होत. सोमवारी ते आजोबांना गूळ घालायला लावत. लाखो लोकांचा मैला पचवणाऱ्या त्या टाकीत साहेबांची गुळाची ढेप म्हणजे गोदावरीत टाकलेली बत्ताशी. पण सोमवारी इंजिन नीट चाललं की ते गुळामुळे, आणि नाही चाललं की गूळ चिकीचा नव्हता म्हणून.

गॅसची परीक्षा ते नाकानं करत. मीटर होतं, चांगलं परदेशी होतं. ते साहेबांच्या कपाटात, दिवाळीच्या भेटीत आलेल्या काचेच्या पेल्यांमागे पडून असे. परीक्षेच्या आधी साहेब चूळ भरत, एक लवंग चघळत, मग गॅसचा नमुना घ्यायची तोटी किंचित उघडून डोळे मिटून हुंगत. एखादा गवई षड्ज लावायच्या आधी जसा थांबतो, तसे थांबत. मग निकाल. "कालच्यापेक्षा उतरला." किंवा, "चढलाय. पण पेलवेल." मी प्रयोगशाळेतून आकडा घेऊन जाई तेव्हा ते म्हणत, "या लिटमस! काय म्हणतो तुमचा कागद?" लिटमस हे मला त्यांनी ठेवलेलं नाव. आकडा त्यांच्या नाकाशी जुळला तर, "बघा, कागदही शिकला." नाही जुळला तर, "कागदाला सर्दी झालीय."

नाकाच्या सेवेसाठी आम्ही सगळे वेठीला. डब्यात कच्चा कांदा आणायचा नाही. केसांना वासाचं तेल लावायचं नाही. एकदा एक नवा फिटर सातपूरहून मिसळ खाऊन थेट कामावर आला, तर साहेबांनी त्याला अर्धा दिवस फाटकापाशी बसवला. "तुझ्या तर्रीनं माझं यंत्र बिघडतं," म्हणाले. यंत्र म्हणजे नाक.

इंजिनाच्या आत एक बारीक पांढरी पूड साचायची. शहर जे शाम्पू आणि क्रीमं वापरतं, त्यातली काही द्रव्यं गॅसबरोबर इंजिनात येतात आणि जळून त्यांची वाळू होते. ती इंजिनाला आतून कानशीसारखी घासते. ती अडवायला कोळशाचा फिल्टर असतो आणि तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. साहेबांनी तो बदलू दिला नाही. "कोळसा वास खातो. मग मी काय हुंगू?" आणि ती पूड? ती त्यांनी आजोबांची विभूती ठरवली. इंजिन उघडलं की चिमूटभर कागदात बांधून पाहुण्यांना देत. एका मोठ्या अधिकाऱ्यानं ती भक्तिभावानं कपाळाला लावलेली मी पाहिली आहे. शहरभराच्या शाम्पूची राख होती ती. मी शेजारी उभा होतो आणि मीही हात जोडले. त्या वर्षी इंजिनाचे पिस्टन बदलावे लागले, तेव्हा साहेब म्हणाले, "जास्त सेवा झाली की असं होतं."

पाइपातल्या दगडाची कथा आणखी पुढची. कोपऱ्याकोपऱ्यांत तो इतका धरे की मनगट जाईल एवढ्या पाइपातून करंगळीही जाईना. साहेबांनी खडा हातात घेतला, उजेडात धरला आणि निदान केलं: "मुतखडा." दगडाच्या जातीपुरतं म्हणाल तर ते फार चुकलेही नव्हते. माणसाच्या मूत्रपिंडात होणाऱ्या खड्यांतला एक प्रकार असाच असतो. पण अर्धवट बरोबर असणाऱ्या माणसाइतका धोकादायक माणूस नाही. मुतखड्याला आपल्याकडे कुळथाचं पाणी देतात. साहेबांनी पोतंभर कुळीथ मागवले, मोठ्या पातेल्यात शिजवायला लावले आणि ते पाणी पिंपानं पाइपात ओतलं. ते ओतायला काशिनाथ होता. काशिनाथ आमचा ऑपरेटर, दिंडोरीकडचा, उंच, बोलायला फटकळ. तो म्हणाला, "साहेब, ह्याचं पिठलं घातलं आसतं तर आख्खी शिफ्ट जेवली आसती."

"तुला नाही कळायचं. हे आयुर्वेद आहे."

"पाइपाला बी लागू हाय का?"

"रोग तोच, औषध तेच."

आठ दिवसांनी पाइप कापून छिन्नी-हातोड्यानं दगड फोडावा लागला. दोन माणसांची बोटं सोलवटली. साहेब बाजूला उभे राहून म्हणाले, "बघा, कसा सैल झालाय. कुळथाशिवाय छिन्नीला आला असता का?"

आता वायू आणि दगड, ह्या दोन्ही रोगांवर एकच साधं औषध होतं आणि त्या छिन्नी-हातोड्यानंतर ते आम्ही वापरूही लागलो होतो. फेरिक क्लोराइड. लोखंडाचा तपकिरी द्राव. गाळात थेंबथेंब सोडला की तो गंधकाला धरतो, म्हणून तो घातक वायू कमी होतो. दगड ज्याचा बनतो त्या फॉस्फेटलाही तो धरतो, म्हणून पाइपही बऱ्यापैकी मोकळे राहतात. ह्यात हुशारी काही नाही. पुस्तकात आहे, करायचं. पण साहेब पांढरे कपडे घालत. मैल्याच्या कारखान्यात पांढरी विजार, पांढरा बुशशर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट. "मैल्यात राहून मळत नाही तो खरा इंजिनिअर," हे त्यांचं आणखी एक वाक्य. एके दिवशी द्राव सोडायच्या पंपाची नळी सुटली आणि विजारीवर, नको त्या जागी, तपकिरी डाग पडला. तो कशानंही निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी जाहीर केलं, "लोखंडानं आजोबांचं पित्त खवळतंय. बंद करा."

बंद केलं. मी म्हटलं, "साहेब, वायू वाढेल."

"वाढला तर मला कळेल, लिटमस. ते माझं काम आहे."

ही गोष्ट मी हजार वेळा सांगितली आहे. विजारीवर आलो की हशा ठरलेला. त्या डागाचं पुढे काय झालं, ते मात्र मी सांगत नसे.

द्राव बंद झाल्यावर वायू चढत गेला. टाकीजवळ एक खोल खड्डा होता, गाळाच्या लाइनचा व्हॉल्व्ह त्यात. खड्ड्यात उतरायला लोखंडी शिडी. वायूनं त्या शिडीचे गज इतके खाल्ले की अंगठ्यानं दाबले तरी पापुद्रे निघत. आणि व्हॉल्व्हमध्ये दगड धरला. एके दिवशी तो फिरेनाच. माणूस उतरवून ठोकून फिरवायचा, दुसरा उपाय नव्हता. शिडीचा भरवसा नाही म्हणून काशिनाथच्या कमरेला दोर बांधला. माणसाला गॅस लागेल म्हणून दोर बांधला, असं कुणीही समजू नये. गज तुटेल म्हणून बांधला होता.

काशिनाथ म्हणाला, "साहेब, ते मीटर आणता का?"

"मी काय मेलोय?" साहेब म्हणाले. त्यांनी लवंग चघळली, खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि वाकून हुंगलं. "आहे," म्हणाले. थांबले. पुन्हा हुंगलं. "आहे, पण मंदावतोय." आणखी खोल श्वास घेतला. मग सरळ होऊन, हात झटकून म्हणाले, "गेला. वास गेला की गॅस गेला. उतर."

सरळ होण्याच्या ह्याच गडबडीत त्यांचा चष्मा सुटून खड्ड्यात पडला. मी जो किस्सा सांगत आलो, तो इथे संपतो: त्रिकालज्ञानी नाक, आणि त्याच्यावरचा चष्माच खड्ड्यात! लोक हसून लोळत. तेवढं खरंही आहे. चष्मा पडला होता.

त्याच्या पुढचं आता सांगतो. तो वायू थोडा असतो तेव्हाच त्याला वास असतो. जास्त झाला की तो आधी नाकच बधिर करतो. घरात शिरायच्या आधी दारातल्या कुत्र्याला विष घालणाऱ्या चोरासारखा. म्हणजे वास अचानक गेला तर गॅस गेलेला नसतो, तुमचं नाक गेलेलं असतं. ती पळायची खूण, आणि साहेबांनी ती उतरायची खूण ठरवली. मला हे ठाऊक होतं. केमिस्टला ठाऊक असतंच. मी दोन पावलांवर उभा होतो.

काशिनाथ उतरू लागला, तेव्हा साहेबांनी वरून सांगितलं, "आणि चष्मा दिसतोय का बघ रे."

"बघतो," काशिनाथ म्हणाला. मग एकदा खोकला, आणि दोराला त्याचा सगळा भार आला.

आम्ही चौघांनी ओढून वर काढला. चेहरा राखेसारखा झाला होता. उघड्यावर निजवल्यावर बऱ्याच वेळानं त्यानं श्वास ओढला, तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. साहेब जवळ आले. त्यांनी आधी काशिनाथच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात रिकामे होते. मग म्हणाले, "चष्मा राहिला वाटतं."

काही जण म्हणतील, माणूस मनानं चांगला होता. होता. दुसऱ्या दिवशी काशिनाथच्या घरी त्यांनी फळं पाठवली. पण मनानं चांगल्या माणसाला खड्ड्याच्या तोंडाशी उभं करू नये. त्याला देवळात बसवावं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हा पडला तिथे गॅस होता का?"

साहेब म्हणाले, "छे, वासच नव्हता. आज संकष्टी, ह्याचा उपास. चक्कर आली असणार. हे आमचे केमिस्ट, ह्यांना विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वास नव्हता."

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. साहेबांची पद्धत मला किती अंगवळणी पडली होती, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. काशिनाथला सलाइन लावून संध्याकाळी घरी सोडलं.

तो पुन्हा कामावर आला खरा, पण त्याचे हात थरथरत. वर्षाच्या आत नोकरी सोडून तो भावाच्या द्राक्षबागेत गावी गेला. आणि त्याला वास येईनासा झाला तो कायमचाच. मी एकदा गेलो होतो. त्याची बायको मला म्हणाली, "दूध करपून भांडं काळं पडलं, हे शेजारी बसलेले. मी म्हनलं, आवो कळत नाय का? तर म्हनतात, कशाचं?" काशिनाथ हसला. "बरंय की भाऊसाहेब. आयुष्य मैल्यात गेलं, आता निदान वास तरी नाय."

त्याच्या मुलीच्या लग्नातही मी गेलो होतो. पंगतीनंतर कुणीतरी म्हणालं, साहेबांचा किस्सा होऊन जाऊ द्या. मी काशिनाथकडे बघायला हवं होतं. समोर माणसं होती, हशाची खात्री होती, आणि मी सुरू झालो. लवंग, उकिडवं बसणं, वास गेला की गॅस गेला, चष्मा. मांडव दणाणला. काशिनाथ सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. मी निघालो तेव्हा तो बसथांब्यापर्यंत पोचवायला आला. वाटेत म्हणाला, "लय ब्येस सांगता तुम्ही." मग म्हणाला, "म्या उतरलो, ते नाय सांगत."

बस आली, मी चढलो. त्यानंतरही किस्सा सांगणं थांबवलं नाही. फक्त दिंडोरीकडे गेलो नाही.

साहेब गेल्या वर्षी वारले, अंथरुणात, सुखानं. केंद्रावर शोकसभा झाली. मला बोलायला बोलावलं होतं, आणि मी सगळं सांगितलं: आजोबा, विभूती, कुळीथ, नाक. शोकसभेत एवढं हसू कुणी ऐकलं नसेल. नव्या इंजिनिअर मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "सर, अशी माणसं आता होत नाहीत." मला बरं वाटलं.

मग गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "सर, साहेबांच्या वर्षश्राद्धाला आम्ही व्हॉल्व्हच्या खड्ड्याशेजारच्या भिंतीवर त्यांचं वाक्य लिहितोय. पेंटर आलाय. 'वास गेला की गॅस गेला', शब्द असेच आहेत ना?"

मी म्हटलं, "थांबवा त्याला. मी येतो." इंदिरानगरहून रिक्षा करून गेलो. वाटभर मी रिक्षावाल्याला चल, चल म्हणत होतो, जणू भिंत पळून जाणार होती.

पोचलो तेव्हा 'वास गेला की' एवढं लिहून झालं होतं. निळ्या रंगात, वळणदार. पेंटर स्टुलावर चहा पीत होता. मॅडम, दोनतीन ऑपरेटर, सगळे हसतमुखानं उभे. मी धापा टाकत म्हटलं, "हे पुसा."

"का सर? गंमत म्हणून तर लिहितोय. सगळ्यांना माहितीय, आपल्याकडे मीटर आहे."

"कपाटात आहे का?"

"नाही हो," त्या हसल्या. "आता प्रत्येक शिफ्टला आहे."

मग तिथेच, खड्ड्याकडे पाठ करून, मी त्यांना काशिनाथ सांगितला. चष्म्याच्या पुढचा. डॉक्टरांसकट. ह्या वेळी कुणी हसलं नाही. मला सवय नसल्यामुळे मध्येच दोनदा थांबावं लागलं. मॅडमचा चेहरा कसा झाला, ते मी पाहिलं नाही, कारण त्यांच्या मागे उभा असलेला गणेश नावाचा ऑपरेटर माझ्याकडे टक लावून पाहत होता.

तो म्हणाला, "सर, काल मी उतरलो व्हतो हितं."

मॅडम गर्रकन वळल्या. "कधी? मीटर नेलं होतंस?"

"चार्जिंगला व्हतं मॅडम. दोन मिनिटांचंच काम, व्हॉल्व्हला चावी लावायची. झाकण काढलं तवा वास आला. जरा दम खाल्ला, तर गेला. म्हनलं गेला म्हंजी गेला." त्यानं कपाळावरून हात फिरवला. "रातभर डोकं लय दुखलं. मला वाटलं ऊन लागलं."

"पण हे तुला सांगितलं कुणी?" मॅडमचा आवाज चढला.

गणेशला प्रश्नच कळला नाही. त्यानं माझ्याकडे बोट केलं, अगदी आदरानं. "सरांनीच की. शोकसभेला."

मॅडमनी जीप बोलावली. गणेश म्हणत होता, "आता बरं हाय मॅडम, उगं कशाला." मी त्याचा दंड धरून त्याला जीपमध्ये बसवला आणि सांगितलं, "डॉक्टरांनी विचारलं तर वासाचं बोलायचंच नाही. गॅस होता, एवढंच सांगायचं." मॅडम पुढे बसल्या. मला मागे चढायचं होतं, तेवढ्यात पेंटरनं हाक मारली.

"काका, मग हे पुसू म्हणता?"

"पुसा."

"आणि लिहू काय? रंग कालवून ठेवलाय."

मी पायरीवर एक पाय ठेवून विचार केला. म्हटलं, "लिहा, वास येवो न येवो, मीटर लावल्याशिवाय खाली उतरू नये."

त्यानं भिंतीकडे पाहिलं, ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली. "लांब होतंय काका. तोंडात बसत नाही. ते पहिलं कसं, एकदा ऐकलं की विसरत नाही माणूस."

"म्हणूनच," मी म्हटलं आणि जीपमध्ये चढलो.